मेश्राम साहेबांची घरची फाईल

मेश्राम साहेबांनी आयुष्यभर मत कोणाला दिलं, हे त्यांच्या बायकोलाही कधी कळलं नाही. मंदाताई म्हणायच्या, "अडतीस वर्षं संसार करून राहिली मी या माणसासंगं. भाजीत मीठ कमी पडलं तर यांच्या भुवईवरून कळते. पण मतदान करून आले की चेहरा असा, जसं काही पोस्टात पत्र टाकून आले." मी एकदा गमतीत त्यांना विचारलं होतं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "मॅडम, गुप्त मतदान हा शब्द तुम्ही ऐकलेला दिसत नाही."

मी लग्न होऊन पुण्याहून दिल्लीला आले, परीक्षा दिली आणि एका केंद्रीय मंत्रालयात असिस्टंट म्हणून लागले. मेश्राम साहेब तिथे अवर सचिव होते. मूळचे भंडारा जिल्ह्यातले, पण दिल्लीत इतकी वर्षं काढलेली की रागावले तरच विदर्भ बाहेर यायचा. त्यांनी नुसतं "काहून?" म्हटलं, की सेक्शनमधला पंजाबी क्लार्कसुद्धा समजायचा की फाईल परत आली. त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काढली. रिटायर झाल्यावर त्यांनी मयूर विहारात आमच्याच सोसायटीत, आमच्याच मजल्यावर, भिंतीला भिंत लागून फ्लॅट घेतला, तेव्हा मला धडकीच भरली. नऊ वर्षं ज्यांनी माझ्या टिपणांतल्या चुका काढल्या, ते आता माझ्या घरच्या फोडणीचा वास घेणार होते. ते मला घरीही "पाटणकर मॅडम"च म्हणायचे. मीही "साहेब" सोडलं नाही. इतक्या वर्षांनी "मेश्रामभाऊ" म्हणायला जीभ वळेना.

"आपण सरकारी माणसं," हे त्यांचं पालुपद. "सरकार कोणाचंही असो, आपण सरकारचे." हे वाक्य आम्ही सगळेच बोलायचो. फरक इतकाच की आम्ही ते बोलायचो आणि साहेब ते पाळायचे. निवडणुकीच्या ड्यूटीवर गेले तर पाण्याची बाटली आणि डबा घरून न्यायचे. बूथवर तिन्ही पक्षांच्या एजंटांनी चहा पाठवला, तर तिन्ही कप टेबलाच्या कडेला ओळीनं मांडून ठेवायचे आणि एकालाही हात लावायचे नाहीत. संध्याकाळी तिन्हींवर साय धरलेली असायची. एखाद्या पक्षाचं कॅलेंडर घरात आलंच, तर ते कात्री घेऊन बसत आणि पुढाऱ्याचा फोटो आणि चिन्ह कापून खालच्या तारखा तेवढ्या ठेवत. सरकारी कॅलेंडरवर पंतप्रधानांचा फोटो असे, तो मात्र चाले. सरकार बदललं की फोटो बदलायचा, खिळा तोच. मंदाताई त्याच खिळ्याला नंतर पिशवी अडकवायला लागल्या.

घरात राजकारण बोलायचं नाही, हा नियम होता. प्रचाराला कोणी दारात आलं तर साहेब अंगानं दार अडवून उभे राहत आणि सांगत, "हम सरकारी लोग हैं जी." जेवताना टीव्हीवर चर्चा सुरू झाली की आवाज बंद. त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा लहानपणी विचारायची, "बाबा, तो माणूस एवढा का चिडलाय?" साहेब म्हणायचे, "तू भाजी संपव." मला यात काही गैर वाटायचं नाही. माझ्याही घरात निखिलला आम्ही तेच सांगत होतो. आधी अभ्यास, मग देश. अभ्यास संपायचा नाही आणि देशाची पाळी यायची नाही.

गेल्या लोकसभेच्या मतदानाच्या दिवशी ऐन उन्हाळ्यात मी आणि साहेब सकाळी सातला शाळेच्या फाटकाशी रांगेत उभे होतो. साहेबांची मोजायची सवय गेली नव्हती. त्यांनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "मॅडम, या रांगेतली सगळी माणसं बी.पी.ची गोळी घेऊन आलेली आहेत." खरंच होतं ते. आमच्या सोसायटीतली बावीस-पंचविशीची पोरं एक तर झोपलेली होती, नाहीतर जोडून सुट्टी आली म्हणून पहाडात गेलेली होती. दहापर्यंत आम्ही घरी आलो. साहेबांच्या घरी मला चहाला थांबवलं होतं. प्रज्ञा जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. ती गुडगावच्या एका कंपनीत कामगारांच्या कागदपत्रांचं काम बघते. साहेबांनी विचारलं, "प्रज्ञा, तू कधी जाणार? ऊन वाढायच्या आत जाऊन ये."

तिनं मान वर न करता सांगितलं, "मी जात नाही, बाबा. मी सरकारी माणसाची मुलगी आहे ना."

आवाजात राग नव्हता. रेशनकार्डावरचा पत्ता सांगावा तसं सांगितलं. साहेबांनी कप उचलला होता, तो न पिताच खाली ठेवला. मी दोन घोटांत चहा संपवून घरी आले. त्या वाक्याच्या मागे काही तरी जुनं होतं, एवढं मला कळलं. काय ते कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी फाईल उघडली. मी हे लाक्षणिक अर्थानं म्हणत नाही. खरीखुरी पुठ्ठ्याची फाईल, टॅग ओवलेली, डावीकडे टिपणाचे कागद. वर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं: "विषय : तरुण मंडळी देशाच्या राजकारणाबाबत उदासीन का? कारणांचा शोध." मराठीत का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "ही घरची फाईल आहे." कुठल्याही दुःखावर या माणसाला एकच उपाय ठाऊक होता, परिच्छेदांना नंबर घालणं. मी हसले, पण त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि हसू आवरलं.

पहिला नंबर आमच्या निखिलचा लागला. "मॅडम, तुमच्या चिरंजीवांची पंधरा मिनिटं पाहिजेत." निखिल तेव्हा एकवीसचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सोफ्यावर मांडी घालून बसला. साहेब समोर पेन उघडून.

"राजकारणात रस का नाही?"

"रस नाही असं नाही, अंकल. मी तर रोज दोन-तीन तास तेच बघतो, फोनवर. या साइडचे पण बघतो, त्या साइडचे पण. मग डोकं दुखतं यार... सॉरी, अंकल. मग क्रिकेट लावतो."

साहेबांनी लिहिलं: "पाहतो. दमतो." मग विचारलं, "आणि मत?"

"बिल्कुल दिलं असतं. पण कोणाला, ते कसं ठरवायचं? घरात तर कोणी बोलतच नाही. आई म्हणते प्लेसमेंट बघ. अच्छा, तुम्ही सांगा, तुम्ही कसं ठरवता?"

"ते गोपनीय आहे."

"चलो, मग झालं," निखिल म्हणाला. "तुम्ही सांगत नाही, आम्ही विचारत नाही."

मला वाटलं साहेब चिडतील. त्यांनी तेही जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली निखिलची सही मागितली. निखिलनं आयुष्यात पहिल्यांदा कागदावर इतकी गंभीरपणे सही केली असेल.

पाहता पाहता फाईल फुगायला लागली. साहेब लिफ्टमध्ये पोरांना गाठायचे, जिममधून बाहेर पडताना गाठायचे. पोरंही आधी टाळायची, मग थांबायला लागली, कारण हा म्हातारा उपदेश करत नव्हता. विचारायचा आणि लिहून घ्यायचा. एकीनं सांगितलं की घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती एकदा राजकारणावर बोलली तर मामानं वर्षभर अबोला धरला. एकानं सांगितलं की सरकारी भरतीचा पेपर दोनदा फुटला, आता तो कॅनडाचे फॉर्म भरतो. साहेब संध्याकाळी माझ्याकडे येऊन वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "मॅडम, मला वाटलं होतं पोरं बेफिकीर आहेत. ही तर दुखावलेली आहेत."

मग निघाली मानेसरची वारी. अमोल, म्हणजे साहेबांच्या बहिणीचा मुलगा, तिथे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत लागला होता. मंदाताईंचा गुडघा दुखत होता, त्या मला म्हणाल्या, "तुम्ही जा बाप्पा यांच्यासंगं. हे ऑटोवाल्याला पण नियम सांगतात." आम्ही मेट्रोनं गुडगावला गेलो आणि तिथून पुढे आठ माणसं कोंबलेल्या शेअर ऑटोत. साहेबांच्या मांडीवर फाईल आणि माझ्या मांडीवर मंदाताईंनी दिलेला चिवड्याचा डबा.

एका खोलीत चार पोरं. एकाची रात्रपाळी झालेली, तो भिंतीकडे तोंड करून झोपलेला. अमोलनं आम्हाला बसायला उलटी बादली आणि खाटेची कड दिली. साहेबांनी प्रश्न विचारला तेव्हा तो लाजून हसला. "मामाजी, नाव गावच्या यादीत आहे. मी इथे. मतासाठी भंडाऱ्याला जाऊन यायचं म्हणजे चार दिवस."

"इथे नाव लावून घे."

"खोली दर सहा महिन्यांनी बदलतो, मामाजी. कोणत्या पत्त्यावर लावू?"

त्याचा सोबती दीपक पानिपतचा निघाला. पानिपत म्हटल्याबरोबर मी आणि साहेब दोघांनीही मान वळवली. मराठी माणसाला त्या गावाचं नाव साधेपणानं ऐकताच येत नाही. त्याला आमच्या माना का वळल्या हे कळलं नाही. त्यानं त्याच्या बापाच्या चादरींच्या मागाबद्दल सांगितलं, आणि म्हणाला, "मैं तो गया था जी वोट डालने. वापस आया तो मेरी लाइन पे दूसरा लड़का खड़ा था."

यानंतर अर्धा तास ती पोरं बोलत होती. ठेका किती महिन्यांचा असतो, तो वर्ष भरायच्या आत का तोडतात, कायद्यात काय लिहिलंय आणि ठेकेदार काय वाचून दाखवतो, कंपनीच्या बसमध्ये कायम कामगार कुठे बसतात आणि हे कुठे. झोपलेला पोरगाही मध्येच उठून बसला आणि एक चूक दुरुस्त करून परत आडवा झाला. साहेबांचं पेन थांबेना. शेवटी ते म्हणाले, "अरे, हे सगळं दिल्लीत ठरतं. हेच तर देशाचं राजकारण आहे."

अमोल म्हणाला, "नाही मामाजी. राजकारण टीव्हीवर असते. हे तर आमचं रोजचं आहे."

परतीच्या मेट्रोत गर्दी नव्हती. बसायला जागा मिळाली. मग फाईल मांडीवर आडवी ठेवून, समोरच्या खिडकीकडे बघत त्यांनी मला प्रज्ञाची गोष्ट सांगितली.

ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. विद्यार्थी युनियनच्या निवडणुकीला उभी राहिली. कुठल्या पक्षाकडून नाही. चार-पाच मैत्रिणींनी मिळून हातानं रंगवलेले कागद चिकटवले, लायब्ररी संध्याकाळी उघडी ठेवा एवढीच मागणी. तिनं घरी सांगितलं नव्हतं. ऑफिसात एकानं साहेबांना हसत विचारलं, "मेश्राम साहब, सुना है बिटिया नेता बन रही है?" साहेबांच्या प्रमोशनची फाईल तेव्हा वर गेलेली होती.  त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कॉलेजात गेले आणि तिला अर्ज मागे घ्यायला लावला.

"मागे घ्यायचा अर्ज मीच लिहिला, मॅडम. 'वैयक्तिक कारणास्तव.' तिनं फक्त सही केली. तिच्या मैत्रिणी तिथेच उभ्या होत्या, हाताला रंग लागलेला. ती रडली नाही, भांडली नाही. घरी येताना बसमध्ये मला खिडकीची जागा दिली. तेव्हापासून ती माझ्याशी भांडलेलीच नाही. औषधं आणते, चष्म्याचा नंबर तपासायला नेते. पण देशाचं काही विचारलं की म्हणते, तुम्ही म्हणाल तसं."

मला काही तरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "पण साहेब, आचरणाचा नियमच होता ना आपल्याला."

"मीही तेच समजत होतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नियमांचं पुस्तक घेऊन माझ्या दारात उभे. जुनं, पिवळं पडलेलं, ऑफिसात ज्याच्या नावानं आम्ही कापायचो तेच. बोट ठेवून म्हणाले, "वाचा." नियम कर्मचाऱ्याला होता. त्यानं पक्षात जायचं नाही, प्रचार करायचा नाही. घरच्यांबद्दलही एक कलम होतं, पण ते सरकार उलथून टाकायला निघालेल्यांबद्दल. लायब्ररी संध्याकाळी उघडी ठेवा म्हणणाऱ्या मुलीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. साहेब दाराच्या चौकटीला टेकले. "पस्तीस वर्षं मी लोकांच्या फायली परत पाठवल्या, मूळ नियम वाचून या म्हणून. आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी मी पुस्तक उघडलं नाही. भीती वाटली आणि भीतीलाच नियम म्हटलं."  मला त्यांच्यासाठी आणि थोडं माझ्यासाठीही फार वाईट वाटलं. तो नियम मीही कधी उघडून पाहिला नव्हता.

यानंतर कोणताही शहाणा बाप मुलीच्या खोलीत जाऊन बोलला असता. साहेबांनी नोटीस काढली. सोसायटीच्या कम्युनिटी हॉलमध्ये रविवारी अकरा वाजता फाईलमधले निष्कर्ष वाचून दाखवले जातील, उपस्थिती ऐच्छिक. मी म्हटलं, "साहेब, आधी घरी बोला." ते म्हणाले, "चूक सगळ्यांसमोर केली होती, कबुलीही सगळ्यांसमोर पाहिजे." ऐकतील ते साहेब कसले.

पंधरा-सोळा पोरं आली. सोसायटीतल्या ज्यांची कारणं फाईलमध्ये होती ती सगळीच, आपलं काय लिहिलंय ते बघायला. साहेबांनी हिंदीत एकेक परिच्छेद वाचला. नावं घेतली नाहीत, तरी पोरं आपापल्या नंबराला हसत होती, टाळ्या वाजवत होती. प्रज्ञा उशिरा आली आणि दाराजवळच उभी राहिली. साहेबांनी तिला पाहिलं, पाणी प्यायले आणि वाचलं, "कारण नंबर ग्यारह. माँ-बाप." मग कॉलेजची सगळी गोष्ट. अर्ज, सही, मैत्रिणी. "यह गलती मेरी थी. मेरी बेटी को राजनीति से मैंने दूर किया. मैं उससे माफ़ी चाहता हूँ."

 पोरं दाराकडे बघायला लागली. प्रज्ञाचा चेहरा लाल झाला होता. ती मराठीत म्हणाली, "बाबा, हे घरी सांगायचं होतं," आणि निघून गेली.

मंदाताईंनी मला नंतर सांगितलं की तीन आठवडे घरात भांड्यांचाच तेवढा आवाज होता. साहेब तरी माझ्याकडे येत राहिले. एकदा म्हणाले, "मी परत तेच केलं, मॅडम. तिच्या वतीनं मीच बोललो."  निखिलनं मात्र त्यांना त्या दिवसांत बुद्धिबळ खेळायला बसवलं. हरायचा मुद्दाम, आणि साहेबांना ते कळायचं.

एका शनिवारी सकाळी ते आले ते फाईल घेऊन, आणि चेहरा असा की मला वाटलं प्रमोशनची ऑर्डर निघाली. इतके दिवस ती त्यांच्या घरी टेबलावर पडून होती, आणि त्यात अकराव्या परिच्छेदाखाली प्रज्ञानं लिहिलं होतं. दिल्लीत वाढलेल्या मुलीचं मराठी, अक्षर घाईचं.

"परिच्छेद ११ मान्य नाही. बाबांनी माझा अर्ज मागे घ्यायला लावला हे खरं आहे. त्याचा राग आहे, अजून आहे. पण त्यानंतर इतकी वर्षं मी व्होट केलं नाही, त्याची वजह माझी स्वतःची आहे. बाबांनी पूर्ण सोसायटीला विचारलं, मानेसरला जाऊन विचारलं, फक्त मला नाही विचारलं. माझी वजह पण स्वतःच लिहून टाकली, आणि त्यात पण स्वतःलाच टाकलं. चर्चा करावी."

"पाहिलंत?" साहेब म्हणाले. "चर्चा करावी, म्हणते!"

बाहेरच्या माणसाला यातली गंमत कळायची नाही. आमच्याकडे वरिष्ठानं फाईलवर 'चर्चा करावी' असं लिहिलं, की कनिष्ठानं ती फाईल उचलून वरिष्ठाच्या दारात जाऊन उभं राहायचं असतं. बोलावतील तेव्हा आत जायचं, विचारतील तेवढं बोलायचं. साहेबांनी दाढी केलेली होती, इस्त्रीचा शर्ट खोचलेला होता. माझ्याकडे ते फक्त धीर गोळा करायला आले होते. घरी जाऊन त्यांनी स्वतःच्या मुलीच्या खोलीच्या दारावर टकटक केली आणि ती "या" म्हणेपर्यंत बाहेर उभे राहिले. हे मंदाताईंनी मला ताबडतोब येऊन सांगितलं. त्या माझ्याकडेच बसल्या, दोघांना मोकळीक म्हणून. भिंतीपलीकडून आवाज येत होते, पण शब्द कळत नव्हते. तासाभरानं प्रज्ञाचा आवाज चढला, आणि मंदाताईंनी माझा हात धरला. "भांडून राहिली ती," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

प्रज्ञानं काय सांगितलं, ते साहेबांनी पुढे बऱ्याच दिवसांनी मला सांगितलं, तेही तिची परवानगी घेऊन. ती म्हणाली होती, "बाबा, मी ऑफिसात आडनाव सांगते आणि लोक माझं राजकारण ठरवून टाकतात. हे लोक अमक्यालाच देणार. एक साइड म्हणते आमची आहे, दुसरी म्हणते आमची नाही. मी काय विचार करते, हे कोणी विचारतच नाही. मग मी म्हटलं, जाऊ दे. ज्या गोष्टीत माझं उत्तर आधीच लिहिलेलं आहे, तिथे मी कशाला जाऊ? आणि तुम्ही पण तेच केलं."

"मग?" मी विचारलं.

"मग मी विचारलं, तू काय विचार करतेस?" साहेब म्हणाले. "मॅडम, सव्वा तास बोलली. मला त्यातलं निम्मं पटलं नाही."

हे सांगताना त्यांचा चेहरा इतका सुखी होता, की तसा मी नऊ वर्षांच्या नोकरीत एकदाही पाहिला नव्हता.

तिथून पुढे दर रविवारी भिंतीपलीकडे भांडण. टीव्हीचा आवाज आता बंद होत नव्हता, उलट त्याच्यावर दोघांचा आवाज. पेन्शनवरून भांडायचे, हवेवरून, शेजारच्या देशांवरून. प्रज्ञा महिन्यातून एकदा मानेसरला जायला लागली. अमोल आणि त्याच्या खोलीतल्या पोरांचे ठेक्याचे कागद वाचून द्यायची, कुठे सही करायची नाही ते सांगायची. तिच्या रोजच्या कामातलंच ते. साहेबांना त्याचंही कौतुक आणि त्यावरूनही वाद. "आधी लेखी तक्रार पाहिजे," साहेब म्हणायचे. "आधी पोरांची नोकरी वाचली पाहिजे," ती म्हणायची. निखिल मध्येच जाऊन बसायला लागला. एकदा जेवताना त्यानं मला विचारलं, "आई, तुला काय वाटतं?" मी भाजी वाढत होते. या वेळी मला "प्लेसमेंट बघ" असं म्हणवलं नाही.

मग साहेबांच्या हृदयानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले दिल्लीची हवा सोसणार नाही. नागपूरला मंदाताईंच्या भावाच्या घराशेजारी घर घ्यायचं ठरलं. तिथेच पुढच्या हिवाळ्यात साहेब गेले. मला जाता आलं नाही. निखिल गेला होता.

माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते निघायच्या दिवशीचे साहेब. सकाळचे नऊ. सामान आधीच गेलेलं. सोसायटीच्या फाटकाशी टॅक्सी उभी, निजामुद्दीन स्टेशनला जायला. मंदाताई पुढे बसलेल्या, मागे साहेब आणि त्यांना सोडायला निघालेली प्रज्ञा. अंगावर शाल, चेहरा उतरलेला, मनगटं अगदी बारीक झालेली. मी इतक्या वर्षांचा एक नमस्कार मनाशी जुळवून खाली उतरले होते. बोलायचं पाठ केलं होतं, की साहेब, तुमच्या हाताखाली काम केलं हे माझं भाग्य.

पण आत दोघांचं जुंपलेलं. सकाळच्या पेपरातल्या कुठल्याशा बातमीवरून प्रज्ञा तावातावानं बोलत होती, "नाही बाबा, हे बिल्कुल चूक आहे तुमचं, तुम्ही पूर्ण ऐकतच नाही आहात..." ड्रायव्हर वैतागून आरशातून बघत होता. मंदाताई पुढून म्हणाल्या, "अगं गाडी सुटेल, बस कर." मी खिडकीशी वाकले, हात जोडले, आणि "साहेब" म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मुलीच्या तोंडावरची नजर न हलवता एक हात वर करून मला थांबवलं.

"एक मिनिट, मॅडम. तिचं बोलणं पूर्ण होऊ द्या."

ड्रायव्हरनं गाडी काढली. ती वळेपर्यंत मला दिसत होतं, प्रज्ञा हातवारे करून बोलत होती आणि साहेब कान देऊन ऐकत होते. माझा नमस्कार राहूनच गेला.